जुन्या कार्बोरेटर गाडीचे स्लो बिघडले, तर मिक्श्चर स्क्रूला शेवटी हात लावा

गणपतीला गावी यायचे, शेडमधली गाडी खळ्यात काढायची, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणारे बटण) ओढून ती कशीबशी सुरू करायची आणि चोक आत ढकलताच ती बंद पडायची, हा अनुभव कोकणात जुनी गाडी सांभाळणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. आमच्याकडे १९९६ची मारुती ८०० आहे. गुहागर तालुक्यातल्या घरी ती वडिलांनी वापरली आणि आता ती माझ्याकडे आली आहे. एका पावसाळ्यात तिचे स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्याचा कमी वेग) इतके बिघडले की कुठल्याही फाट्यावर थांबले की इंजिन बंद पडे, आणि ते पडू नये म्हणून उजव्या पायाची टाच ब्रेकवर व चवडा ॲक्सिलरेटरवर ठेवून चिपळूण गाठावे लागे.

दोन महिन्यांत तीन गॅरेजे झाली. तिन्ही ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर आधी मिक्श्चर स्क्रूवरच, म्हणजे स्लोला हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूवर, टेकला. गाडी दोन दिवस बरी चाले, पेट्रोल जास्त पिई आणि पुन्हा मूळ पदावर येई. अखेर एका संध्याकाळी इंजिन चालू ठेवून मी टॉर्चच्या उजेडात इनटेक मॅनिफोल्डवरची (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यावरची) एकेक नळी चाचपत होतो. तिथे वापरात नसलेल्या एका तोटीवर करंगळीच्या पेराएवढी काळी रबरी टोपी बसवलेली होती आणि तिच्या खालच्या कडेला, वरून अजिबात न दिसणारी, चीर पडली होती. तिच्यावर अंगठा दाबला, तसे धडधडणारे इंजिन क्षणात एका सुरात चालू लागले. अंगठा उचलला, तशी धडधड पुन्हा सुरू झाली. टोपी चहाच्या किमतीत मिळाली. मात्र तीन हातांनी तीन दिशांना फिरवलेला स्क्रू मूळ जागी आणण्यात माझा अख्खा रविवार गेला.

हा लेख त्यासाठीच लिहीत आहे. वडिलांची, काकांची किंवा सेकंडहँड घेतलेली मारुती ८००, ओम्नी, प्रीमियर पद्मिनी अशी कार्बोरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) पेट्रोल गाडी ज्यांच्या हाती नव्याने आली आहे, त्यांनी पुढील क्रम सोडू नये. स्लो बिघडणे हे तापासारखे लक्षण आहे. ठिणगी, हवा आणि पेट्रोल या तिन्हींपैकी कशातही दोष असला तरी ते सारखेच दिसते.

आधी जमवायच्या वस्तू आणि कागद

गाडीचे मूळ मॅन्युअल असल्यास ते काढून ठेवावे, कारण स्लोचा आकडा, प्लगची गॅप, पॉइंटची (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्कांची) गॅप आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) हे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते. मॅन्युअल हरवले असेल तर बॉनेटखाली चिकटवलेला स्टिकर पाहावा. मागच्या दोन-तीन पीयूसीच्या पावत्या शोधाव्यात. त्या का लागतात ते पुढे सांगितले आहे. आरसी बुकावरील उत्पादनाचा महिना आणि वर्ष टिपून ठेवावे, म्हणजे सुटे भाग मागताना घोटाळा होत नाही.

साधनांमध्ये प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), चपट्या तोंडाचा लहान स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर, टायमिंग लाइट, टॉर्च, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि एक जुनी वही पुरेशी आहे. ८०० सारख्या गाडीला आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा नसतो, म्हणून आरपीएम दाखवणारा मल्टिमीटर कुणाकडून उसना आणावा. व्हॅक्यूम गेज मिळाला तर अर्धे काम सोपे होते.

काम मोकळ्या खळ्यात करावे, बंद शेडमध्ये मुळीच करू नये, कारण एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकांना जांभ्याचे चिरे लावून उभी करावी. आसपास चूल किंवा विडी-सिगारेट नको.

१. लक्षण नीट लिहून काढा

मेकॅनिकला ‘स्लोला बंद पडते’ एवढेच सांगितले की तो स्क्रूकडे वळणारच. त्याऐवजी पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. गाडी थंड असतानाच बंद पडते, की तापल्यावर? पावसाच्या दिवशी जास्त त्रास देते का? घाट चढून वर थांबल्यावर बंद पडते का? हेडलाइट आणि वायपर लावल्यावर स्लो खाली येते का? धूर काळा आहे की पांढरा, आणि पेट्रोलचा उग्र वास येतो का?

इथे एक खुलासा आवश्यक आहे. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन स्लोवर स्वभावतःच थोडे थरथरते. चार सिलिंडरची गाडी चालवून आलेल्या माणसाला तो बिघाड वाटतो. थरथर नियमित लयीत असेल तर ती सोडून द्यावी. मधूनच ठोका चुकत असेल, म्हणजे इंजिन मिसिंग मारत असेल, तरच पुढे जावे.

२. केबल आणि चोक आधी तपासा

खाऱ्या हवेत केबलचा आतला तार गंजतो. चोकचे बटण आत ढकलले तरी कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेली झडप अर्धवट मिटलेलीच राहते आणि तापलेल्या इंजिनाला विनाकारण जास्त पेट्रोल मिळत राहते. एअर फिल्टरचे झाकण काढून, बटण पूर्ण आत असताना ती झडप उभी राहते का, हे डोळ्यांनी पाहावे. तसेच ॲक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) दांडा थांब्यावर नीट टेकतो का, ते हाताने पाहावे. तो टेकत नसेल तर स्लो चढेच राहील.

झाकण उघडलेच आहे तर फिल्टरही पाहून घ्यावा. आमच्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर तो वर्षभरात जांभ्याच्या रंगाचा होतो. कोंदलेल्या फिल्टरने मिश्रण साधारणपणे गाढ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढते.

३. ठिणगी तपासल्याशिवाय कार्बोरेटर उघडू नका

पावसाळ्यातील निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात, असे माझे मत आहे. डिस्ट्रिब्यूटर कॅप (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचे झाकण) काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावी आणि उजेडात धरावी. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तिथून करंट दुसरीकडे पळत आहे आणि कॅप बदलणे हाच उपाय आहे. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर जुन्या प्लग वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. त्या दिसल्या तर वायरींचा पूर्ण संच बदलावा.

जुन्या गाडीत पॉइंट असतील तर त्यांची गॅप मॅन्युअलप्रमाणे करावी आणि टायमिंग त्यानंतर पाहावे, कारण गॅप बदलली की टायमिंगही बदलते. हा क्रम उलटा केला तर दोन्ही चुकतात.

मग प्लग काढून एका ओळीत ठेवावेत. बिस्किटी रंग चांगला. कोरडी, मखमली काळी काजळी म्हणजे मिश्रण गाढ. पांढरट, भाजल्यासारखे टोक म्हणजे मिश्रण पातळ. ओला तेलकट काळेपणा असेल तर तेल वर येत आहे आणि तो विषय वेगळा. सगळे प्लग सारखे असतील तर दोष सामाईक आहे. एकच वेगळा असेल तर त्या एका सिलिंडरचा प्लग, वायर, व्हॉल्व्ह किंवा त्याच्याजवळची हवेची गळती यांचा विचार करावा. नवखे लोक इथे हमखास फसतात, कारण ते हायवेवरून गाडी आणून लगेच प्लग काढतात. तो रंग हायवेवरच्या मिश्रणाचा असतो. स्लोचे मिश्रण पाहायचे असेल तर तापलेले इंजिन पाच-सात मिनिटे स्लोवरच चालवून, तिथेच बंद करून प्लग पाहावेत.

अर्थिंगही विसरू नये. किनाऱ्यावरच्या गाड्यांत इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी हिरवी पडून सडते आणि त्यामुळे लाइट लावताच स्लो गडबडते. पट्टी काढून, टोके पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून पुन्हा घट्ट बसवावी.

४. मिश्रण गाढ आहे की पातळ, हे चोकलाच विचारा

ही चाचणी फुकट आहे आणि मी ती सगळ्यात आधी शिकायला हवी होती. इंजिन पूर्ण तापवावे, स्लोवर ठेवावे आणि चोकचे बटण हळूहळू बोटाच्या पेराएवढे ओढावे. इंजिन सावरले, आवाज चढला, तर मिश्रण पातळ होते. म्हणजे कुठून तरी जादा हवा शिरत आहे किंवा पेट्रोल कमी पोहोचत आहे. उलट इंजिन गुदमरले आणि काळा धूर आला, तर ते आधीच बरोबर किंवा गाढ आहे. गाढपणाची खात्री करण्यासाठी मॅनिफोल्डवरची एखादी बारीक व्हॅक्यूम नळी क्षणभर किंचित सैल करावी. थोडी हवा मिळताच इंजिन सुधारले, तर मिश्रण गाढच आहे. काही जण कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरतात. तसे करू नये, कारण उलटा भडका आला तर हात भाजतो.

पातळ निघाले तर पायरी ५, गाढ निघाले तर थेट पायरी ६.

५. शिरणारी हवा शोधा

कार्बोरेटरच्या खाली मॅनिफोल्डमध्ये पोकळी, म्हणजे बाहेरच्यापेक्षा कमी हवेचा दाब (व्हॅक्यूम), असते आणि तिथल्या प्रत्येक फटीतून इंजिन हवा ओढते. ही हवा कार्बोरेटरला टाळून आत येत असल्याने तिच्या वाट्याचे पेट्रोल तिच्यासोबत येत नाही. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे सुईएवढे छिद्रही तिथे जाणवते. वेगात तेच छिद्र नगण्य ठरते. म्हणूनच अशी गाडी हायवेवर छान पळते आणि टोलनाक्यावर बंद पडते.

सर्व रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात, नुसते वरून पाहणे उपयोगाचे नाही. उंदीर त्या कुरतडतात, आणि जून झालेले रबर सरळ असताना धड दिसते पण वाकवले की तोंड उघडते. वापरात नसलेल्या तोट्यांवरच्या टोप्या, ब्रेक बूस्टर असल्यास त्याची नळी, कार्बोरेटरखालचे गॅस्केट आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट एकेक करून तपासावे. जोडांवर कार्बोरेटर क्लीनरचा अगदी लहान फवारा मारावा आणि ज्या जागी मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो ती जागा खूण करून ठेवावी. स्प्रे पेट घेणारा आहे, म्हणून तो प्लग वायरी आणि एक्झॉस्टपासून दूर ठेवावा. वायरींतून ठिणगी निसटत असेल तर ती आधी दुरुस्त करून मगच ही चाचणी करावी. पेट्रोल तर कधीच फवारू नये.

व्हॅक्यूम गेज असेल तर समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच पारा इतकी पोकळी स्थिर दाखवते. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग असते. काटा ठरावीक लयीने झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह धरत नाही. उंचीमुळे हा आकडा दर हजार फुटांमागे सुमारे एक इंचाने उतरतो, म्हणून कोल्हापूर-पुण्याकडच्या मित्राने सांगितलेला आकडा इथे तसाच लावू नये.

याच कारणाने घाटावर ट्यून करून आणलेली गाडी खाली आल्यावर किंचित पातळ चालते. पुणे आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहेत, तिथली हवा विरळ असते, आणि त्या हवेला जुळवलेला स्क्रू मालवण-देवगडच्या दाट हवेला थोडा कमी पडतो. फरक लहान असतो. पण आधीच काठावर चालणाऱ्या गाडीला तेवढाही पुरतो.

६. पेट्रोलचा मार्ग

आधी टाकीचे झाकण. ते उघडताना ‘सूं’ असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली, तर टाकीचा श्वासमार्ग बंद आहे. कुंभारमाशी अशा उघड्या नळ्यांत मातीचे घर बांधते आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ती हमखास सापडते. झाकण सैल ठेवून खळ्यातच थोडा वेळ इंजिन चालवून पाहिले की शंका फिटते.

त्यानंतर फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठणारी वाटी. महिने उभ्या असलेल्या गाडीची वाटी मी उघडली तेव्हा तळाशी पाण्याचे टपोरे थेंब पाऱ्यासारखे इकडून तिकडे घरंगळत होते आणि कडेला पांढरी भुकटी बसली होती. हल्लीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि तो मर्यादेबाहेर गेला की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसते. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणात हे व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी टाकी रिकामी करून नवे पेट्रोल भरावे, फिल्टर बदलावा. नुसती वाटी पुसून काही होत नाही.

ई-२० पेट्रोलचा आणखी एक परिणाम ध्यानात घ्यावा. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला १३.५ पटीच्या आसपास. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल देतो, म्हणून जुनी गाडी नव्या पेट्रोलवर आपोआप पातळ चालते. शिवाय जुने रबर फुगते, टाकीतला साचलेला मळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि नवा डायफ्रॅम (रबरी पडदा) बसवणे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

मग स्लो जेट. त्याचे छिद्र केसाएवढे असते आणि सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा तेच आधी बुजवतो. जेट काढून क्लीनरमध्ये भिजवावा, दाबाच्या हवेने फुंकावा आणि उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहावे. तार घालून कोरू नये. पितळ मऊ असते, छिद्र कायमचे मोठे होते. कार्बोरेटरवर सोलेनॉइड (स्लोचे पेट्रोल सोडणारी विजेवरची झडप) असेल तर चावी लावताच ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर स्लोचे पेट्रोलच अडलेले असते आणि साऱ्या पायऱ्या करूनही गाडी स्लोवर राहणार नाही.

मिश्रण गाढ निघाले असेल तर फ्लोटची पातळी आणि नीडल व्हॉल्व्ह (वाटी भरल्यावर पेट्रोल थांबवणारी सुई) पाहावा. नीडलच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती पेट्रोल थोपवत नाही आणि वाटी भरून वाहते. मे महिन्यात परशुराम घाट चढून वर थांबल्यावर बंद पडणारी गाडी मात्र बऱ्याचदा निर्दोष असते; उष्णतेने वाटीतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलेले असते. तेव्हा चोकला हात न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारावा.

७. आता मिक्श्चर स्क्रू

इंजिन पूर्ण तापलेले, लाइट आणि पंखा बंद, एअर फिल्टर जागेवर, एवढी तयारी झाल्यावरच सुरुवात करावी. इंजिन बंद ठेवून स्क्रू हलकेच आत फिरवावा, किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजून वहीत लिहावे आणि तेवढाच परत बाहेर आणावा. टेकल्यावर आवळू नये, नाहीतर सुईसारख्या टोकावर खाच पडते आणि मग सेटिंग कधीच जुळत नाही.

ही सूचना लक्षपूर्वक वाचावी: बहुतेक मोटारींच्या कार्बोरेटरवर हा स्क्रू तळाशी, इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो बाहेर काढला की मिश्रण गाढ होते. पुष्कळशा मोटारसायकलींवर एअर स्क्रू असतो आणि तिथे तो बाहेर काढला की मिश्रण पातळ होते. गावात गॅरेजवाला मुख्यतः दुचाकी दुरुस्त करणारा असेल, तर त्याचा हात सवयीने उलट दिशेला जातो. मी ते माझ्या गाडीवर घडलेले पाहिले आहे.

स्पीड स्क्रूने (थ्रॉटलचा थांबा पुढे-मागे करणाऱ्या स्क्रूने) इंजिन मॅन्युअलमधील आकड्यावर आणावे. मग मिक्श्चर स्क्रू पाव फेरी बाहेर काढावा, दहा सेकंद थांबावे, आरपीएम पाहावे. चढत असेल तोवर असेच करावे. उतरू लागले की मागच्या जागी यावे. स्पीड स्क्रूने पुन्हा मूळ आकड्यावर आणावे आणि सर्व परत करावे. आरपीएम आणखी चढेनासे झाले की मिक्श्चर स्क्रू हळूच आत घेत २०-३० आरपीएम उतरेपर्यंत आणून तिथे थांबावे. घाई केली तर इंजिन प्रतिसाद देण्याआधीच आपण पुढे गेलेले असतो. स्क्रू दोन्हीकडे फिरवूनही आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर स्लो जेट किंवा त्याचा मार्ग अजून बंद आहे. पायरी ६ वर परतावे.

८. पीयूसीची पावती वाचा

पीयूसीची मोजणी अशा जुन्या पेट्रोल गाडीत स्लोवरच होते, त्यामुळे ती पावती म्हणजे आपल्या कामाची उत्तरपत्रिका आहे. भारत स्टेज २ या प्रदूषण मानकापूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. भारत स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. पास-नापास एवढेच पाहून पावती डॅशबोर्डमध्ये टाकू नये. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या जवळ असेल तर मिश्रण गाढ आहे. कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल, तर मिश्रण इतके पातळ आहे किंवा ठिणगी इतकी कमजोर आहे की पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे. जुन्या पावत्यांशी आकडे ताडून पाहिले की बिघाड केव्हा सुरू झाला तेही कळते. पंधरा वर्षांनंतर आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करायला जाताना पीयूसी लागतेच, तेव्हा हे काम त्याआधी पंधरा दिवस उरकावे.

एमपीएफआय (इंजेक्शनची) गाडी असेल तर

२००० च्या सुमारास आणि नंतर आलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा स्क्रू शोधू नये. तिथे थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह, इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर आणि त्याचे गंजलेले कनेक्टर पाहावेत. हवेची गळती शोधण्याची रीत मात्र तीच आहे.

९. गाडी पुन्हा उभी करून जाण्यापूर्वी

मुंबईला परतताना टाकी पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे तिच्यात ओलावा धरणारी हवा कमी राहते. घरी कुणी राहत असेल तर त्यांना सांगावे की पंधरा दिवसांतून एकदा गाडी नुसती सुरू करून बंद करण्याऐवजी वाडीतून फिरवून आणावी, रेडिएटरचा पंखा एकदा लागेपर्यंत. बॅटरीची निगेटिव्ह वायर त्यांना काढता-लावता येते का ते समोर उभे राहून करून घ्यावे. वहीत शेवटच्या पानावर तारीख, स्क्रूच्या फेऱ्या, आरपीएम आणि पीयूसीचे दोन आकडे लिहून वही गाडीतच ठेवावी. पुढच्या शिमग्याला आपल्याऐवजी धाकटा भाऊ गावी आला आणि त्याने गॅरेजवाल्याला बोलावले, तर त्याच्या हाती ती वही असेल.